सरकारच्या हातातलं तबक

…आणि म्हशीनं ती टोपी खाल्ली, इथवर काल आलो होतो आपण. अगदी सगळी नाही खाल्ली, कड तेवढी ठेवली. पण गावप्रमुखाची सोडली तर कोक थ्नोट गावात सरकारी कामाला घालून जायची टोपी तेवढी एकच, त्यामुळे त्या कडेलाही मान होता. नव्या सरकारचा हुकूमच होता ना तसा: डोक्यावर टोपी नाही त्याची कचेरीत दाद नाही. मग गावानं मिळून एक सामाईक टोपी घेतली आणि ती योन मावशीच्या घराच्या शिडीला अडकवून ठेवली, कारण नदीच्या वाटेवर तिचं घर पहिलं. ज्याचं काम निघेल त्यानं न्यावी, परत आणून अडकवावी. न्हाव्याचं डोकं मोठं, त्यानं ती सैल करून ठेवलेली. पोरींच्या नाकापर्यंत यायची. तरी चाललं होतं.

म्हशीनं घात केला त्याच सकाळी नेमकं योन मावशीला कचेरीत जायचं होतं. तिनं ती कड कपाळावर बसवली, मध्ये केळीचं पान खोचलं आणि निघाली.

कचेरीच्या दारातला शिपाई म्हणाला, "मावशे, ही कसली टोपी?"

"उन्हाळी आहे," मावशी म्हणाली. "वरून वारा खेळतो."

शिपायानं जरा विचार केला. हुकुमात टोपी म्हटलं होतं, टोपीला वरचा भाग हवा असं कुठं म्हटलं नव्हतं. त्यानं तिला आत सोडलं. पुढच्या आठवड्यात बाजारात तशा पान खोचलेल्या टोप्या दोघीतिघींच्या डोक्यावर दिसल्या.

हे सगळं त्या प्रांताच्या दिवसांतलं. बँकॉकचं सरकार आणि फ्रेंच सरकार यांची जुंपली, जपान्यांनी मध्ये बसून कागदावर रेघ ओढली, आणि फ्रेंचांच्या ताब्यातला आमचा मुलूख रात्री एका देशात झोपला तो सकाळी दुसऱ्या देशात उठला. भात तेच, डास तेच, नदीचा गाळ तोच. नाव तेवढं नवं. बँकॉकच्या सगळ्यांत मोठ्या साहेबाचं अख्खं नाव प्रांताला दिलेलं, आणि ते इतकं लांब की शाळेतली पोरं म्हणायला लागली की मधेच श्वास घेत. म्हातारे आपले "तो प्रांत" म्हणत. किती टिकणार हे त्यांना आधीच कळलं असावं.

योन मावशीला प्रांताचं सुखदुःख नव्हतं. ती तांदळाच्या शेवया करून विकायची. पहाटे तिच्या घराखाली मुसळाचा आवाज सुरू झाला की गाव कूस बदलायचं. तिच्या शेवया आणि माशांचा हिरवा रस्सा खायला पलीकडच्या गावचे लोक होडी करून यायचे. नवरा तापानं लवकर गेलेला. एक मुलगी, सावोन. हाडापेरानं आईसारखी, जिभेनंही आईसारखी. आणि मावशीचं एकच व्यसन म्हणा, चैन म्हणा, देव म्हणा: विडा. पान, सुपारी, चुना. दात कसे काळेभोर, ओठ कसे लाल. ती हसली की समोरच्याला वाटायचं आपलंच काहीतरी चुकलंय.

आणि नव्या सरकारनं बंदी घातली ती नेमकी विड्यावर. सुधारलेली माणसं रवंथ करत नाहीत, म्हणे. लाल थुंकी परदेशी पाहुण्यांना दिसता कामा नये. आता कोक थ्नोटला परदेशी पाहुणा यायचा तर वाट चुकलेला असायला हवा, पण हुकूम तो हुकूम. सुपारीची झाडंच तोडा म्हणाले. हे काम आलं तेपकडे.

तेप म्हणजे योन मावशीचा धाकटा दीर आणि गावचा मेफूम, गावप्रमुख. फ्रेंचांच्या वेळीही तोच, आता यांच्याही वेळी तोच. माणूस वाईट नव्हता. फक्त वरून हुकूम आला की त्याच्या पोटात गोळा यायचा, आणि हुकूम पाळेपर्यंत तो गोळा विरघळायचा नाही. एकदा हुकूम आला की सुधारलेल्या नवऱ्यानं कामाला निघताना बायकोचा मुका घ्यावा. तेपनं गावाला उदाहरण घालून द्यायचं ठरवलं. बायको घराखाली मासे कुटून प्राहोकचा, म्हणजे आंबवायच्या माशांचा, घाणा घालत होती, कोपरापर्यंत माखलेली. हा टोपी घालून, घसा खाकरून जवळ गेला. तिला वाटलं याला चक्कर आली. तिनं दोन्ही हातांनी धरून त्याला खाली बसवलं आणि ओरडून शेजारणींना बोलावलं. प्राहोकचा वास त्याच्या सदऱ्याला इतका बसला की कचेरीतला कारकून त्याला खिडकीबाहेरूनच बोलायला लावी.

तर अशा तेपनं गावातली सुपारीची झाडं तोडली. योन मावशीची परसातली झाडंही तोडली. कुऱ्हाड घालायच्या आधी हात जोडून म्हणाला, "वहिनी, माफ करा. माझ्या हातात काही नाही."

"कुऱ्हाड आहे की," मावशी म्हणाली.

पण विडा थांबला नाही. रेघेच्या पलीकडं, फ्रेंचांच्या बाजूला, सुपारी अजून खुशाल उभी होती, आणि रेघ काही झाडांना दिसत नव्हती. कोळी मंडळी टोपलीच्या तळाशी, माशांच्या खाली सुपारी आणत. तिला जरा वास यायचा. चालायचं.

बंदीवर लक्ष ठेवायला प्रासित नावाचा तरुण साहेब आला होता. पांढरा सदरा, पांढरी टोपी, पांढरे दात. गावोगाव फिरून तो लोकांची तोंडं तपासायचा. योन मावशीसमोर उभा राहिला.

"तोंड उघडा."

मावशीनं उघडलं. आत सगळा लालभडक देखावा.

"हे काय आहे?"

"दात हलतोय साहेब. रक्त येतं."

"गेल्या खेपेलाही दात हलत होता."

"तो पडला. आता शेजारचा हलतोय. एकमेकांवाचून करमत नाही त्यांना."

साहेबानं डोळे बारीक केले, पण पुढं काही बोलला नाही. रेघेअलीकडचं हे सगळं असंच चाललं असतं. अडलं ते सावोनच्या लग्नाशी.

मुलगा रेघेच्या पलीकडचा. खेम त्याचं नाव. ताडावर चढून ताडगूळ करणारा, शिडशिडीत, कमी बोलणारा. शेवया खायला यायचा आणि खाऊन झाल्यावरही वाडगं धरून बसायचा. सावोन म्हणायची, "वाडगं खाऊ नकोस, त्याचं वेगळं पडतं." मुलखाची रेघ ओढली गेली तेव्हा हे दोघं आधीच एकमेकांच्या जिवात गुंतलेले. दोन्ही घरांची ना नव्हती. पण खेमचा बाप, रोस, त्यानं स्पष्ट सांगून पाठवलं: "दर खेपेला हद्दीवरच्या शिपायाला ताडगूळ चारून आम्ही येतो. भिक्खूंचा वर्षावास बसायच्या आत लग्न होतंय का ते सांगा. नाही तर पावसाळाभर मुलगा लटकत ठेवणार नाही. आमच्या बाजूला मुली आहेत."

वर्षावास बसला की तीन महिने लग्न नाही. आणि तीन महिन्यांनी रोस थांबणार नाही. त्या रात्री सावोननं शेवयांचं पीठ इतकं मळलं की सकाळी शेवया साच्यातून निघेनात.

आता आमच्याकडे लग्न म्हणजे काय? भिक्खू येतात, मंत्र होतात, केस कापायचा विधी होतो, मनगटाला दोरे बांधतात. हे सगळं खरं. पण गाठ पडते ती तबकानं. लाल कापडाखाली पान-सुपारी मांडलेलं तबक मुलाकडचा वडीलधारा गुडघे टेकून पुढं करतो, आणि मुलीकडचा वडीलधारा पुरुष ते दोन्ही हातांनी घेतो. घेतलं की संपलं. मग मागे फिरणं नाही, ना मुलाला ना मुलीला. ज्यानं घेतलं तो त्या जोडप्याचा जन्माचा काका: भांडण झालं तर त्याच्या दारात, मूल झालं तर त्याच्या मांडीवर.

सावोनचा बाप नाही. तबक घ्यायचा मान आणि काम तेपचं. योन मावशी त्याच्याकडे गेली.

"भावजी, तबक तुम्हाला घ्यायचंय."

तेप मागं सरकला. "वहिनी, मी सरकारी माणूस. सुपारीला हात लावला तर माझी प्रमुखकी जाईल."

"मग कापडावरून धरा. सुपारीला हात लागणार नाही."

"मला माहीत असेल ना खाली काय आहे."

"ठेवा ना मग माहीत. प्रमुख आहात, गावातलं सगळंच तुम्हाला माहीत असतं आणि दिसत काहीच नाही."

"वहिनी, असं करू, तबकात आंबे मांडू."

त्यावर विधी सांगणारा म्हातारा प्रिंग, गावचा आचार, तिथंच पाय चोळत बसला होता, तो म्हणाला, "आंबे घेतले तर आंब्यांचं लग्न लागेल. सावोनचं लागायचं तर सुपारी लागेल. ही रीत काय मी पाडलीय? मी जन्मलो त्याच्या आधीपासून तसं आहे."

तेप म्हणाला, "वहिनी, मला सावोन पोटच्या पोरीसारखी आहे."

"पोटच्या पोरीसारखी आहे म्हणूनच पोटात दुखतंय तुमच्या," मावशी म्हणाली आणि उठली.

घरी येऊन तिनं रोसला निरोप धाडला: या. तबक घेणारा मी उभा करते. निरोप गेल्यावर सावोननं विचारलं, "कोणाला उभं करणार गं?"

"तेप काकाला."

"ते नाही म्हणाले ना?"

"वाजंत्री वाजली, लोक बघायला लागले की माणूस नाही म्हणत नाही. लाजेनं का होईना, घेईल."

सावोन म्हणाली, "आणि नाहीच घेतलं तर?"

मावशीनं पानाला चुना जरा जास्तच लावला, आणि मग तोंड भाजल्याचं निमित्त करून डोळे पुसले.

लग्नाच्या दिवशी पलीकडची मंडळी आली. होड्यांतून उतरून, केळीचे घड, ताडगुळाच्या ढेपा, डुकराचं मांस असं सगळं डोक्यावर घेऊन ओळीनं. पुढं वाजंत्री. ढोलकवाला इतका म्हातारा की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; त्याला माणसं दिसत नसत, तबकाचं लाल कापड तेवढं दिसे. ते एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की तो थाप मारी. उभ्या आयुष्यात त्याची ती थाप चुकली नव्हती. हद्दीवरच्या शिपायानं मंडळींना सोडलं खरं, पण या खेपेला ताडगुळाची ढेप लहान होती म्हणे, म्हणून मागल्या वाटेनं त्यानं प्रासित साहेबाला खबर पोचवली: सुपारी हद्दीतून आत आली आहे, वाजतगाजत.

इकडं मांडवात तेप नव्हता. योन मावशीनं माणूस धाडला. माणूस परत येऊन म्हणाला, "ते आजारी आहेत. पांघरूण घेऊन पडलेत. टोपी घालून."

पांघरुणात टोपी कशाला, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं.

रोस गुडघ्यांवर बसला. तबक उचललं, पुढं केलं. समोर कोणी नाही. आचार प्रिंगनं मंत्र सुरू केला तो संपला, त्यानं परत सुरू केला. लोक इकडंतिकडं बघायला लागले. रोसचे हात अवघडले. तबक पितळेचं, जड, आणि त्यात सुपारीही त्यानं कंजूषी न करता भरलेली. हद्दीपलीकडच्या बायका आपसात कुजबुजल्या, "यांच्याकडे पुरुष नाही का एकही?" सावोन नटून बसली होती ती समोरच बघत राहिली, पापणी न हलवता. योन मावशीला वाटलं, आता उठावं आणि आपणच… पण बाईनं तबक घेतल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. रोस हळूच म्हणाला, "योनबाई, माझे गुडघे आता माझे राहिले नाहीत. काय ते सांगा."

तेवढ्यात पांढरा सदरा मांडवात शिरला. मागं दोन शिपाई.

"थांबा!" प्रासित साहेब ओरडला. "हे बेकायदा आहे! बंदी असलेला माल!"

वाजंत्री थांबली. साहेब तरातरा पुढं आला. लाल कापडाचा कोपरा उचलून बघितला. हिरवी पानं, सोललेली सुपारी, चुन्याची डबी, सगळं नीट मांडलेलं. "सरकारच्या नावानं हे मी जप्त करतो!" असं म्हणून त्यानं तबकाला हात घातला. एका हातानं उचलेना. म्हणून त्यानं दुसराही हात खाली लावला, आणि रोसच्या हातांतून तबक दोन्ही हातांनी वर उचलून घेतलं.

ढोलकवाल्यानं थाप मारली.

आता त्याची काय चूक? कापड हललेलं त्याला दिसलं. पण ती थाप पडली आणि सगळ्यांनी साहेबाकडं बघितलं. साहेब तबक छातीशी धरून उभा.

पहिली हलली ती योन मावशी. तिनं क्षणभरही वाया घालवला नाही. साहेबासमोर गुडघे टेकले, हात जोडून कपाळाला लावले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्या सावोनचं तबक तुम्ही घेतलंत, पोरीचं नशीब. साऽऽथु!"

"साऽऽथु!" आख्खा मांडव म्हणाला, तथास्तु म्हणावं तसं. हद्दीपलीकडच्या बायका सगळ्यांत मोठ्यानं.

"काय घेतलं? मी घेतलं नाही! मी जप्त केलंय!"

"करा ना," मावशी म्हणाली. "दोन्ही हातांनी करताय, किती शोभतंय."

साहेब लाल झाला. काय झालंय हे त्याला बरोबर कळलं होतं, कारण तिकडं त्यांच्यातही लग्नाची मंडळी सुपारीचं पात्र घेऊनच जातात. कोणी परका फ्रेंच असता तर गोंधळून उभा राहिला असता. हा मात्र घाबरला. त्यानं तबक रोसला परत द्यायला पुढं केलं.

रोसनं हात मागं घेतले. "परत? परत घेतलं म्हणजे मी सोयरीक मोडली असं होईल. मी नाही बाबा."

"मग इथं ठेवतो."

"जमिनीवर?" आचार प्रिंग दचकला. "साहेब, तबक जमिनीला टेकलं तर पोरीची कूस उजवत नाही. सरकारला पोरं नकोत का? परवाच तुम्ही सांगत होतात, लोकसंख्या वाढवा म्हणून."

साहेब शिपायांकडं वळला. "हे धरा."

शिपाई दोघंही मांडवाच्या कडेला शेवयांची वाडगी घेऊन बसले होते. एकजण तोंडात घास तसाच ठेवून म्हणाला, "साहेब, आमचे हात ओले आहेत."

तेव्हा साहेबानं जरा विचार केला. तबक परत द्यावं तर बंदी असलेला माल सरकारनं लोकांना वाटला असं होतं. जवळ ठेवावं तर तो मुलीचा काका होतो. टाकावं तर वांझोट्या घराचा शाप सरकारच्या माथी. बिचारा तबक धरून तसाच उभा राहिला.

योन मावशी हळूच म्हणाली, "बसा ना, काका. काका उभे राहत नाहीत. मांडीवर घ्या, जड आहे."

आणि साहेब बसला. तो बसला तेव्हा त्याच्या तोंडावर जे आलं होतं ते सावोनला जन्मभर विसरता आलं नाही, आणि खेमला तर त्यावरून पुढं वर्षभर हसू यायचं. दोरे बांधून झाले, केस कापून झाले. सगळं झाल्यावर साहेब तबक घेऊन निघून गेला. कचेरीत ते त्यानं कुठं ठेवलं, कोणाला कळलं नाही. पण सुपारीचा खटला काही उभा राहिला नाही. कसा राहणार? पहिला साक्षीदार तोच असता.

आता सरकार काका झालं म्हटल्यावर कामं तर आलीच. लग्न झाल्यावर नवरा मुलगा आमच्याकडे बायकोच्या घरी राहायला येतो, तसा खेम आला. येताना त्याचा झुंजीचा कोंबडाही आला. खेम त्याला रात्री मच्छरदाणीत घेऊन झोपे. सावोन म्हणाली, मी का कोंबडा. खेम म्हणाला, डास त्याला जास्त चावतात. रीतीप्रमाणं भांडण काकाच्या दारात गेलं. योन मावशी पानाची टोपी घालून दोघांना घेऊन कचेरीत उभी.

प्रासित साहेब कपाळाला हात लावून बसला. "मावशी, मी प्रांताचा अधिकारी आहे. इथं महत्त्वाची कामं असतात."

"असतात ना. हे ऐका आणि मग ती करा."

साहेबानं ऐकलं. मग गंभीर आवाजात म्हणाला, "कोंबडा मच्छरदाणीच्या बाहेर."

खेमनं विचारलं, "हे सरकार सांगतंय की काका?"

"दोघंही!" साहेब ओरडला.

कोंबडा बाहेर गेला. त्या प्रांतात सरकारच्या पुष्कळ हुकमांपैकी खेमनं मनापासून पाळला तो तेवढा एक.

मग केळी जायला लागली कचेरीत, सणाला शेवया जायला लागल्या. एकदा मावशी रस्सा घेऊन गेली तेव्हा साहेब एकटाच होता. तो बाहेर बघत म्हणाला, "माझ्या आईचं तोंडही तुमच्यासारखंच आहे. लाल. मी गावी गेलो की ती चुन्याची डबी लपवते. माझ्यापासून."

मावशी म्हणाली, "आणि तुम्ही काय म्हणता?"

"तोंड तपासत नाही."

"पोरगा चांगला आहे म्हणायचा," मावशी म्हणाली आणि रस्सा खाली ठेवून आली. त्या दिवसापासून साहेबाच्या समोर तिनं दात हलतोय असं सांगणं सोडलं. विडा खाणं सोडलं नाही, सांगणं सोडलं.

सावोनला पहिली मुलगी झाली, मग मुलगा. दोघांच्याही मनगटाला पहिला दोरा काकानं बांधला, पांढऱ्या सदऱ्यावर दुधाचा डाग घेऊन. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत महायुद्ध संपलं, वरच्या लोकांनी पुन्हा बसून कागद काढला, आणि ती रेघ होती तिथं परत गेली. प्रांत संपला. शाळेतल्या पोरांना बरं वाटलं. ते नाव आता पाठ करावं लागणार नव्हतं.

प्रासित साहेब बैलगाडीत सामान भरून निघाला. जाताना योन मावशीच्या घरापाशी थांबला. शिडीशी उभा राहून म्हणाला, "मावशी, आता माझा हुकूम इथं चालत नाही."

"आधी चालायचा?"

तो हसला. मग जरा घुटमळून म्हणाला, "एक विडा द्याल?"

मावशीनं करून दिला, चुना बेतानं लावून. साहेबानं चावला, डोळ्यात पाणी आलं, ठसका लागला, आणि पांढऱ्या सदऱ्यावर लाल ओघळ आला. गाडी वळेपर्यंत तो डाग पुसत होता.

आता खरी गोष्ट इथं संपायची, पण तेप होता ना. रेघ मागं सरली आणि गावप्रमुख परत तोच; त्यानं टोपी काढली आणि जुन्या साहेबांना नमस्कार करायला लागला. पण लग्नाच्या दिवसापासून गाव त्याला सुखानं जगू देत नव्हतं. तो चव्हाट्यावर आला की पोरं विचारत, "तेप काका, ताप उतरला?" ढोलकवाला म्हातारा तर थाप मारून विचारी. ते त्याला फार लागलेलं. सावोन समोरून गेली की तो जमिनीकडं बघायचा.

नवा अधिकारी आला आणि विहाराच्या अंगणात सगळ्या गावाला बोलावून त्यानं जाहीर केलं: "त्या राजवटीत जे जे सरकारी रीतीनं झालं ते सगळं रद्द. काही झालंच नव्हतं असं समजायचं."

आचार प्रिंगनं विचारलं, "सुपारीची झाडं तोडली, तीही रद्द?"

"रद्द."

"मग उभी कधी राहतील?"

अधिकाऱ्यानं हातातला कागद उलटा करून बघितला. तेवढ्यात तेप उठला. म्हणाला, "साहेब, आमच्या सावोनच्या लग्नाचं तबक त्या सरकारच्या माणसानं घेतलं होतं. ते कसं धरायचं?"

अंगणात चुळबुळ झाली. खेम ताठ झाला. रोस सून-नातवंडांना भेटायला आला होता, तो म्हणाला, "अरे, माझी नातवंडं आहेत ही! ही कोणाची म्हणायची मग?" सावोननं धाकट्याला छातीशी घट्ट धरलं. ज्या लग्नासाठी तिनं एवढं सोसलं ते आता तेप काकाच्या लाजेपायी पुसलं जाणार की काय, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

अधिकाऱ्यानं जरा विचार केला. त्याला घाई होती. पुढच्या गावी जेवण होतं. "कायद्यानं बघितलं तर त्या माणसाला अधिकार नव्हता," तो म्हणाला. "तबक पुन्हा फिरवा. तुमच्या घरचा वडीलधारा घेईल, की झालं. काय मावशी, चालेल ना?"

तेपनं दोन्ही हात आधीच पुढं केले होते, तबक कुठं दिसतही नव्हतं तरी. योन मावशी उठली. तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. ती म्हणाली:

"फिरवा की साहेब, खुशाल फिरवा, शेवयांचे तांदूळ मी आजच भिजत घालते. पण ह्या वेळी तबक मी घेणार. घरचा पुरुष पांघरुणात शिरला, दारचा पुरुष जप्ती करायला आला आणि अडकला; आता तिसरा कुठून आणू? पोरीला जन्म दिला तेव्हा मी कुठल्या सरकारला विचारायला गेले नव्हते, आणि ते अजून रद्द झालेलं नाही. तेप भावजी, हात खाली घ्या, अवघडतील."